सहल पाण्याच्या वाटेची

मैत्रिणींनो, बायकांची सहल म्हटली की देवदर्शन आणि जमलंच तर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, एवढंच ना? यंदा आमच्या रहिमतपूरच्या भिशीतल्या अठराजणींनी जरा वेगळी वाट धरली. दोन दिवसांत मसूर, सातारा आणि महाड!

'मसूरला काय बघायचं?' असं तुम्हीही विचाराल. आमच्याच रेल्वेमार्गावरचं हे लहानसं स्टेशन. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे बाबासाहेब आंबेडकर भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून इथं उतरले. खटाव तालुक्यात नोकरीला असलेल्या वडिलांकडे जायचं होतं. अंगावर नवे कपडे, पायात बूट. पण जात कळली आणि एकही गाडीवान नेईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. डबा बरोबर होता, पण प्यायला पाणी कुणी देईना. पोरं रात्री उपाशीच झोपली. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

साताऱ्यात त्यांची शाळा आहे, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० ला तिथं त्यांचं नाव घातलं गेलं. शाळा पाहायची तर मुख्याध्यापकांना आधी विचारून ठेवावं.

दुसऱ्या दिवशी महाबळेश्वर, पोलादपूरमार्गे महाड. चवदार तळं नगरपालिकेनं १९२४ सालीच ठराव करून सर्वांना खुलं केलं होतं, पण ते कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यावर लोकांना मारहाण झाली, शेण-गोमूत्र घालून तळं 'शुद्ध' करण्यात आलं! हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. त्याच वर्षी, १९२७ च्या डिसेंबरात, महाडच्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी खास बायकांसमोर भाषण करून मुलींना शिकवा असं बजावलं. मी हे वर्गात दरवर्षी शिकवते, पण तळ्याकाठी उभं राहिल्यावर गळा दाटून आला.

आमच्यातल्या सर्वांत वडील काकू तिथं हळूच म्हणाल्या, "आमच्या आडावर वरून पाणी ओतायचे गं. खाली ओंजळ धरलेली असायची. कुणाला काही वाटायचं नाही."

परतीच्या वाटेवर मग बसमध्ये विषय निघाला तो कपाचा. कामाच्या बाईचा तो कानतुटका कप, मोरीजवळच्या फळीवर वेगळा ठेवलेला! आजही किती घरांत तो आहे. स्वच्छतेचं कारण सांगू नका हं. ज्या हातांनी घासलेल्या ताटात आपण जेवतो, त्या हातांना आपल्या कपात चहा दिला तर काय बिघडतं?

आता थोडं कामाचं. एस.टी.च्या आगारात प्रासंगिक करारावर आख्खी बस मिळते. खर्च वाटून घेतला की जड जात नाही. पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरडी कोसळतात, तेव्हा थंडीत जावं. घाट लागणाऱ्यांसाठी आलेपाक, सर्वांसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. २० मार्चला महाडला मोठी गर्दी असते, हेही ध्यानात ठेवा. मुलांना मात्र जरूर न्या.

आणि जाण्याआधीच तो कप फळीवरून काढा बरं का!