गवत कापण्याचें यंत्र कां तुंबतें?

फळबागांतील ओळींमधलें गवत आतां पुष्कळ ठिकाणीं विळ्याऐवजीं यंत्रानें कापलें जातें. त्यांतही वर बसून चालवावयाची, पोटाखालीं पातें फिरणारी गाडी सपाट बागांतून व मोठ्या आवारांतून दिसूं लागली आहे. केंद्र सरकारचें कृषि यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ सालीं सुरू झाल्यापासून अवजारांच्या बँकाही ठिकठिकाणीं निघाल्या, व एकट्यास न परवडणारीं यंत्रें भाड्यानें मिळण्याची सोय झाली. ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु पावसाळा आला कीं एकच ओरड कानीं येते : गवत अडकतें, यंत्र बंद पडतें, हें यंत्र आपल्या गवताचें नव्हेच! ही ओरड आम्हांस पटत नाहीं. यंत्र तुंबतें हें खरें. पण त्याचीं कारणें यंत्रांत थोडीं व आपल्या वापरांत फार आहेत, आणि त्या वापराचें मूळ पुष्कळदां भाडें आकारण्याच्या पद्धतींत असतें, असें आमचें मत आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत राहणाऱ्या एडविन बडिंग यानें १८३० सालीं गवत कापण्याच्या यंत्राचें पहिलें पेटंट घेतलें. लोकरी कापडावरील तंतू सारखे कातरणारें गिरणींतील यंत्र पाहून त्यास ही कल्पना सुचली. त्याच्या यंत्राचीं पातीं लाटण्यासारख्या रुळावर बसविलेलीं होतीं, व तीं कात्रीप्रमाणें कापीत. हल्लींच्या गाडीचें पातें निराळें. तें पंख्यासारखें आडवें फिरतें, मिनिटास सुमारें ३,००० फेरे घेतें, व गवत झटक्यानें तोडतें. पात्याची मागची कड वर वळविलेली असते. तिच्यामुळें वरच्या पत्र्याच्या टोपांत जोराचा वारा उत्पन्न होतो. हाच वारा लवलेलें गवत उभें करतो, आणि कापलेलें गवत बाजूच्या तोंडांतून बाहेर फेंकतो. वारा मंदावला कीं यंत्र तुंबलेंच. हें एक सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील गोष्टी आपोआप उलगडतात.

वारा मंदावण्याचें पहिलें कारण ओल. ताज्या गवतांत मुळांतच वजनाच्या सुमारें तीन-चतुर्थांश पाणी असतें. त्यावर दंव किंवा पाऊस पडला म्हणजे तुकडे जड होऊन पत्र्यास चिकटतात, त्यांवर दुसरा थर बसतो, आणि वाऱ्यास फिरावयास जागाच उरत नाहीं. दुसरें कारण उंची. फार वाढलेलें गवत एकदम बुंध्याशीं कापूं गेल्यास तोंडांतून निघणार नाहीं इतका भारा क्षणांत तयार होतो. एका वेळीं उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक कापूं नये, असा जाणत्यांचा नियम आहे. वाढ अधिक असल्यास पहिल्या फेरीस टोप सर्वांत वर ठेवावा, व दोन-तीन दिवसांनीं खालीं घ्यावा. गुडघाभर रानांत ही गाडी घालूंच नये. तेथें विळा किंवा ट्रॅक्टरचें अवजारच खरें.

तिसरें कारण चाल. कांहीं चालक इंधन वांचविण्यासाठीं इंजिन मंद ठेवतात व वेळ वांचविण्यासाठीं गाडी पळवितात. करावयाचें नेमकें उलट : इंजिन पूर्ण वेगांत, गाडी संथ. गवत दाट असल्यास पात्याची निम्मीच रुंदी गवतावर घ्यावी. टोपाचें तोंड कापून झालेल्या बाजूस ठेवावें, म्हणजे फेंकलेलें गवत पुन्हां पात्याखालीं येत नाहीं. चौथें कारण बोथट पातें. तें गवत कापीत नाहीं, पिंजतें, आणि पिंजलेलें गवत पत्र्यास लवकर धरतें. पांचवें कारण आळस. आज टोपांत चिकटलेलें गवत उद्यां वाळून खापरीसारखें होतें, पत्रा गंजवितें, व परवांच्या गवतास बसावयास घर करून देतें. टोपास आंतून तेल लावणारे पुष्कळ आहेत. त्याचा उपयोग थोडा व थोडाच वेळ. रोज काम संपतांच लांकडी फळीनें खरवडून काढणें हाच खरा उपाय.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्र तुंबल्यानें गवत राहील, दिवस वायां जाईल. पण तुंबलेलें यंत्र मोकळें करतांना बोटें गेलीं तर तीं परत यावयाचीं नाहींत. या गाड्यांच्या बैठकीखालीं सामान्यतः एक कळ असते. पातें चालू असतां चालक उठला तर तिनें पातें थांबतें. दर दहा मिनिटांनीं उतरावें लागतें म्हणून ही कळ तारेनें बांधून ठेवण्याची युक्ति कित्येक करतात. ही युक्ति नव्हे, आत्मघात आहे. इंजिन बंद करून किल्ली काढावी, पातें पूर्ण थांबूं द्यावें, स्पार्क प्लगची तार सोडावी, आणि मगच टोपांत काठी घालावी. हात शक्य तों घालूं नये. जो मनुष्य दिवसांतून वीस वेळां यंत्र मोकळें करतो, तो एकविसाव्या वेळीं ही शिस्त पाळील असा भरंवसा कोणी द्यावा? म्हणून तुंबणें थांबविणें ही केवळ सोयीची बाब नसून हातापायांच्या रक्षणाची बाब आहे.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. आकारणी ज्या मापानें, लोकांचें वागणें त्या मापानें, हा त्या नोकरींतील अनुभव येथेंही लागू पडतो. यंत्राचें भाडें दिवसावर असलें म्हणजे घेणारा मनुष्य पैसे वसूल व्हावेत म्हणून पहांटेच्या दंवांतच गाडी घालतो व दिवे लागेपर्यंत उतरत नाहीं. सफाईस वेळ देणें त्यास नुकसानीचें वाटतें. तें घाणेरडें यंत्र दुसऱ्या सभासदाच्या गळ्यांत पडतें. भाडें तासावर केलें तर तो गाडी पळवितो, व तुंबणें दुप्पट होतें. तस्मात् भाडें गुंठ्यावर असावें. मग दंव वाळेपर्यंत थांबण्यांत किंवा संथ चालण्यांत कोणाचें कांहीं जात नाहीं. यंत्राच्या वहींत गट नंबर, क्षेत्र, काम सुरू केल्याची वेळ, टोप आंतून साफ आहे कीं नाहीं, व बैठकीची कळ चालू आहे कीं नाहीं, एवढे रकाने असावेत; आणि यंत्र परत घेतांना देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्या व्हाव्यात.

यावर कोणी म्हणतील कीं, आषाढ-श्रावणांत गवत वाळतें केव्हां? आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर ओलें गवत रेटणें हें नव्हे. उघडीप मिळेल त्या दुपारीं, टोप वर ठेवून, थोडें थोडें पण वरचेवर कापावें. असे बारीक तुकडे जागींच पडूं द्यावेत. ते कुजून त्यांतील नत्र जमिनीस परत मिळतें. ढीग मात्र करूं नये, आणि जनावरांपुढें तर मुळींच टाकूं नयेत, कारण ढिगांत ते लवकर तापतात व आंबतात. ज्यास चारा हवा त्यानें विळ्यानेंच कापावा. उघडीप नसेल त्या दिवशीं यंत्र छपरांत राहिलेलेंच बरें.

यंत्र विकत घेण्यास पैसा लागतो. भाड्याचें माप बदलण्यास केवळ एक ठराव लागतो. संघाच्या चालकांनीं येत्या मृगापूर्वीं तो करावा, आणि सभासदांनीं बैठकीखालच्या बांधलेल्या तारा आजच सोडाव्यात, एवढीच आमची विनंति आहे.