सात हजाराचा मोह

परवा रात्री साडेअकराला दारावर टकटक झाली. आमच्याच विंगमधली फर्स्ट इयरची एक मुलगी, हातात कोटेशनचा कागद. "ताई, तू कॉम्पची ना? घरचा जुना डेस्कटॉप आणलाय, फार रखडतो गं. दुकानातले दादा म्हणाले हा ड्राइव्ह टाका, सेकंदाला चौदा हजार एमबी. घेऊ का?"

कागदावरची किंमत बघितली आणि तिच्या बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. बहुधा माझ्याच बाबांचा आला असावा.

तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण हा कागद घेऊन दर वर्षी कोणी ना कोणी फिरत असतं. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या. जेवढं येतं तेवढं आजीमुळे.) तर मित्रमैत्रिणींनो, माझं मत सरळ आहे. हॉस्टेलच्या डेस्कटॉपला सगळ्यात फास्ट ड्राइव्ह लागत नाही. साधा सॅटा एसएसडी पुरतो. उरलेल्या पैशांची एक फिरणारी हार्ड डिस्क घ्या, बॅकअपला.

का ते आपल्या मेसच्या भाषेत सांगते. पंगत बसली असेल तर वाढपी आमटीची बादली घेऊन सरळ एका टोकापासून वाढत जातो, दोन मिनिटांत पन्नास पानं होतात. पण तेच पन्नास जण मेसच्या पन्नास कोपऱ्यांत बसले आणि एकेकाने हाक मारली, तर? बादली तीच, वाढपी तोच, वेळ जातो चालण्यात. खोक्यावर छापलेला आकडा हा पंगतीचा आकडा असतो. विंडोज सुरू होते तेव्हा मात्र हजारो छोट्या फायली कुठून कुठून मागवल्या जातात.

आता थोडं गणित (बघा, डिग्री वाया जात नाहीये). ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, ४.२. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर सरकायला साधारण ८-९. एका हाकेला १२-१३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० हाका. तबकडी जोरात फिरवून हे सुधारायचा प्रयत्न झाला होता. २००३ मध्ये वेस्टर्न डिजिटलने साध्या पीसीसाठी १०,००० आरपीएमचा रॅप्टर काढला, अवघा ३६ जीबीचा. पण १०,००० ला सुद्धा अर्धी फेरी ३ मिलिसेकंद घेतेच, आणि हेडला सरकावंही लागतंच. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे तीच हाक साधारण ०.१ मिलिसेकंदात पुरी होते. शंभरपटीहून जास्त फरक! हा फरक साध्या सॅटा एसएसडीतच मिळून जातो, जरी त्याचा पंगतीचा आकडा ५५० च्या आसपास अडकलेला असला तरी. त्यापुढे एनव्हीएमई घेऊन त्या ०.१ मधूनही थोडं वाचतं, पण ते आपल्याला कळणार कसं?

मला कळलं नाही, हे अनुभवाने सांगते. सेकंड इयरला मी ७००० एमबीवाला एनव्हीएमई घेतला. बाबांना सांगितलं, "प्रोजेक्टला कंपल्सरी आहे." (बाबा हे मॅगझिन वाचत नाहीत अशी आशा आहे.) घरी आणून बसवल्यावर समजलं की आमचा बोर्ड पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा, तिथे ३५०० च्या वर जाणंच शक्य नाही. म्हणजे अर्धे पैसे खोक्यासकट कचऱ्यात. मग रूममेटचा स्वस्त सॅटा आणि माझा 'रॉकेट' शेजारी ठेवून मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. तिचा २१ सेकंदांत सुरू झाला, माझा १९ मध्ये. त्या दोन सेकंदांचं मी काय केलं ते अजून आठवत नाही.

आणि आठ महिन्यांनी तो ड्राइव्ह गेला. जुनी डिस्क बरेचदा मरण्याआधी कटकट आवाज तरी करते. हा रात्री ठीक होता, सकाळी बायॉसमध्ये दिसेना. वॉरंटीत नवा मिळाला, अगदी न भांडता. पण वॉरंटीत ड्राइव्ह मिळतो, डेटा नाही. मिनी प्रोजेक्टचा कोड पार्टनरकडे होता, तो वाचला. आजीच्या ओव्या गेल्या. आदल्या दिवाळीला तिच्याकडून जात्यावरच्या बावीस ओव्या म्हणवून घेतल्या होत्या, आणि मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून पीसीवर टाकून मोबाइलमधून डिलीट केल्या होत्या. आजीला सांगितलं तर म्हणाली, "रडतेस काय, परत म्हणते की." बसली म्हणायला. नऊच आठवल्या.

त्या दोन सेकंदांच्या पैशात एक टीबीची साधी डिस्क सहज आली असती. ५४०० आरपीएमची, हळू, कंटाळवाणी. बॅकअपला कसली आलीये घाई?

असो. अपवाद आहेत. गॅदरिंगचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या मंडळींना खरंच पंगतीचा वेग लागतो, त्यांनी बोर्ड कोणत्या पिढीचा ते बघून एनव्हीएमई जरूर घ्यावा. आणि एक सापळा लक्षात ठेवा: एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या खाचेत सॅटाही असतो आणि एनव्हीएमईही, काही बोर्डांवर दोन्हींपैकी एकच चालतो. मॅन्युअल उघडा, दुकानदाराला विचारू नका.

त्या मुलीचा डेस्कटॉप आम्ही रात्रीच उघडला. बोर्डावर एम.२ ची खाचच नव्हती! चौदा हजारवाला ड्राइव्ह तिने लावला कुठे असता, कुणास ठाऊक. रविवारी दोघी तपकीर गल्लीत जाऊन आलो. सॅटा एसएसडी तिच्या पीसीत बसलाय, आणि यूएसबीची हार्ड डिस्क सध्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कारण तिच्या खोलीत ढेकणांची फवारणी चालू आहे.