फुकट अभ्यासक्रमाची किंमत

ऑनलाइन अभ्यासक्रम हा आता हौसेचा विषय राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांनी एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावरून पुरे करण्याची मुभा दिली आणि २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. पदवीच्या श्रेयांकांचा इतका मोठा हिस्सा जेथून मिळू शकतो, तेथे विद्यार्थी यशस्वी कसा होईल, याचा विचार महाविद्यालयांनी गांभीर्याने करावयास हवा.

या अभ्यासक्रमांना नाव नोंदविण्यास पैसे पडत नाहीत. परंतु जी वस्तू पैशाने फुकट मिळते, तिची किंमत बहुधा वेळेच्या रूपाने चुकवावी लागते, आणि नेमका याच हिशेबाचा नोंदणीच्या उत्साहात विसर पडतो. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नाव नोंदविणाऱ्यांपैकी फारच थोडे शेवटपर्यंत टिकतात आणि त्या सहा वर्षांत हे प्रमाण सुधारले नाही, असा तिचा निष्कर्ष होता. नेहमीच्या वर्गात घंटा, हजेरी आणि शेजारचा सोबती विद्यार्थ्याला बांधून ठेवतात. येथे ते सारे त्याने स्वतःच उभे करावयाचे असते.

‘एनपीटीईएल’च्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचे उदाहरण घ्यावे. त्यात साप्ताहिक स्वाध्यायांना २५ आणि केंद्रावर देखरेखीखाली होणाऱ्या परीक्षेला ७५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यास अनुक्रमे १० आणि ३० गुण लागतात. बारांपैकी उत्तम आठ स्वाध्याय धरले जातात, म्हणून चार आठवडे सोडून देणे अनेकांना सोयीचे वाटते. पण त्याच चार आठवड्यांतील भाग परीक्षेत समोर येतो. मित्राकडून घेतलेल्या आयत्या उत्तरांनी २५ ची बाजू भक्कम दिसते. ७५ ची बाजू मात्र परीक्षाकेंद्रावर उघडी पडते.

यावरचा उपाय साधा, पण चिकाटीचा आहे. दिवसाचा एक तास ठरवून तो तासिकेसारखा पाळावा. चित्रफीत मध्येमध्ये थांबवून वहीत टिपणे काढावीत. स्वाध्याय प्रथम स्वतः सोडवावा आणि शंका त्याच आठवड्यात विचारावी. शक्य तर दोघातिघांनी मिळून एकच अभ्यासक्रम घ्यावा. सोबतीमुळे खंड पडत नाही.

तथापि सारा भार विद्यार्थ्याच्या निश्चयावर टाकणे न्याय्य नव्हे. शिकवण्या घेऊन किंवा दुकानात काम करून शिकणाऱ्या मुलाला रात्री अकरा वाजता मोकळा वेळ मिळतो. घरातला एकच मोबाइल भावंडांत वाटावा लागतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी व्याख्यानाचा पहिला अडसर ओलांडण्यास कोणीतरी शिक्षक जवळ लागतो. २०१६ च्या विनियमांना याची जाणीव होती. संगणक, ग्रंथालय इत्यादी सुविधा महाविद्यालयाने विनामूल्य पुरवाव्यात आणि विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यासाठी समन्वयक नेमावा, अशी तरतूद त्यांत होती. प्रत्यक्षात ही तरतूद कागदावरच राहते आणि ऑनलाइन अभ्यासक्रम हा शिक्षकाचे रिकामे पद झाकण्याचा स्वस्त पडदा होऊन बसतो, हा खरा धोका आहे. अशी बचत ही बचत नव्हेच. महाविद्यालयाने टाळलेला खर्च त्यात विद्यार्थ्याच्या माथी मारला जातो आणि तो न पेलणारा श्रेयांकांना मुकतो.

म्हणून प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी वेळापत्रकात एक तास, एक खोली, चालू स्थितीतील संगणक आणि ज्याच्या कार्यभारात तो तास मोजला जातो असा एक शिक्षक, एवढी व्यवस्था महाविद्यालयांनी करावी. विद्यार्थ्याने तास पाळावा, हे सांगण्याचा अधिकार तो तास वेळापत्रकात मांडणाऱ्यालाच पोचतो.