टॉनिक कसलं मारताय, पाणी द्या!

मंडळी, काल बागेत गेलो तर कलमांखाली वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा सडा. अजून शिमगासुद्धा आला नाही! दुकानदाराला फोटो पाठवला, दोन मिनिटांत उत्तर, "टॉनिक मारा." त्याने ना ऊन बघितलं, ना माती उकरून बघितली.

थोडी गळ होतेच, मान्य. पण १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचं सरासरी कमाल तापमान सगळ्यात जास्त राहिलं तो फेब्रुवारी २०२३ चा. तेव्हा "यंदाच जरा गरम आहे" हे पालुपद आता पुरे. माघातच ऊन तापतं, आपल्या कातळावर माती वीतभर, ओल टिकत नाही, मग झाड फळं सोडतं. बाटलीतून ओल कुठून येणार?

दापोलीच्या विद्यापीठाची शिफारस जुनीच आहे. फळ वाटाण्याएवढं झालं की झाडाला दीडशे-दोनशे लिटर पाणी, दर १५ दिवसांनी, तीन-चार वेळा. वर गवत-पेंढ्याचं आच्छादन. गेल्या वर्षी मी विहिरीजवळच्या कलमांनाच पाणी दिलं. कातळावरच्यांसाठी टँकर परवडत नाही म्हटलं, फवारणीला मात्र पैसे निघाले! खाली फळ राहिलं, वर डहाळ्या मोकळ्या. माझीच अक्कल.

कृषी खात्यातले मित्रही हे वाचतात. साहेब, "पाणी द्या" हा मेसेज होळीनंतर नको, कणी दिसली की पाठवा.

उद्या टँकर मागवलाय. वाडीत कुणाला अर्धा हवा असेल तर संध्याकाळपर्यंत सांगा.