राखीच्या ताटात चाकू नको



श्रावण लागला की राखीच्या जाहिराती सुरू होतात, त्यात नवल नाही. आता मात्र त्यांत एक वेगळीच भेटवस्तू दिसू लागली आहे. ‘बहिणीसाठी सुरक्षा किट’! गुलाबी डबीत मिरचीचा फवारा, एक शिट्टी आणि लिपस्टिकच्या आकाराचा चाकू. कुठे कंगव्यात लपवलेलं पातं, तर कुठे किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायचा घडीचा चाकू. खाली ओळ ठरलेली, ‘प्रत्येक मुलीच्या पर्समध्ये हवाच’. मग ही जाहिरात महिला मंडळाच्या ग्रुपवर येते आणि कुणीतरी विचारतं, दहा-बारा एकदम मागवले तर स्वस्त पडतील, मागवू या का?

माझं मत सरळ आहे. मागवू नका. ज्यांच्या लेकी पुण्या-मुंबईला शिकायला, नोकरीला आहेत, त्यांच्या जिवाला रात्री दहानंतर घोर लागतो हे खरंच आहे. पण त्या घोरावर हा चाकू हे औषध नाही. कायदाही तसंच सांगतो आणि आपला धर्मही.

आधी कायद्याचं बघू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ शब्दाची व्याख्या दिली आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी म्हणून बनवलेली वस्तू म्हणजे शस्त्र. बचावासाठीसुद्धा! आपल्याला वाटतं की ‘मी कुणाला मारायला नाही, स्वतःला वाचवायला ठेवलाय’ असं म्हटलं की विषय मिटला. प्रत्यक्षात त्या एका वाक्याने आपणच कबूल करतो की पर्समधली वस्तू शस्त्र आहे. केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणून घरातल्या विळीला, सुरीला, शेतातल्या खुरप्याला कुणी परवाना विचारत नाही. पण ज्या खोक्यावरच ‘स्वसंरक्षणासाठी’ असं छापलं आहे, तो चाकू भाजी चिरायला घेतला असं कुठल्या तोंडाने सांगणार?

विकणारे यावर एक उत्तर देतात. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे, आमचं पातं तीनच इंचांचं, म्हणजे कायदेशीर. हे अर्धंच सत्य आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. सण, मोर्चे, निवडणुका यांच्या सुमारास असे आदेश नेहमी निघतात, वर्तमानपत्रात कोपऱ्यात छापूनही येतात. अशा आदेशात चाकू, काठ्या, आणि शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू जवळ बाळगायला बंदी घालता येते. तिथे इंच मोजत नाहीत. आदेश मोडला तर १३५ व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि खास कारण नोंदवल्याशिवाय ती चार महिन्यांपेक्षा कमी देता येत नाही. गणपतीच्या गर्दीत, रात्रीच्या बसमध्ये, पर्स तपासली गेली तर उभी राहणार आहे आपली मुलगी. जाहिरात करणारा नव्हे.

शिवाय गाव बदललं की नियम बदलतो. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार बटण दाबून उघडणाऱ्या, तीन इंच किंवा त्याहून लांब आणि ठरावीक रुंदीच्या चाकूंवर निर्बंध आहेत. म्हणजे ‘तीन इंचांचा, कायदेशीर’ म्हणून इथे घेतलेला चाकू तिथे अडचणीत आणू शकतो.

यात्रेला जाताना आपण डब्यासोबत फळं कापायला सुरी नेतो, तिचं काय, असं काहीजणी विचारतील. सूर्यास्ताआधी जेवायचं, बाहेरचं खायचं नाही, मग सुरी लागतेच. फळं, ताटली आणि सुरी एका पिशवीत असली तर ती कशासाठी आहे हे पाहणाऱ्याला समजतं. तीच सुरी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात एकटी ठेवली की तिचा अर्थ बदलतो. आणि विमानात तर ती हातातल्या सामानात चालतच नाही, मिरचीचा फवाराही चालत नाही.

मग जीव वाचवायचा हक्कच नाही का? आहे, आणि चांगला भक्कम आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं त्यासाठीच आहेत. जिवावर बेतलं, बलात्काराचा, अपहरणाचा, अ‍ॅसिड फेकण्याचा प्रयत्न झाला, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा त्या बाईच्या बाजूने उभा राहतो. त्या क्षणी हाताला लागेल ते वापरा, छत्री, पाण्याची बाटली, दगड. पण त्याच कलमांनी मर्यादाही घातली आहे. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क सांगता येत नाही. बसमध्ये कुणी धक्का दिला, शिवी दिली म्हणून चाकू चालवला, तर घातक शस्त्राने दुखापत केल्याचा गुन्हा उलट आपल्यावर लागेल. मिरचीच्या फवाऱ्यालाही हे लागू आहे. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने वादात फवारा वापरणाऱ्यावरचा खटला रद्द करायला नकार दिला. जिवाला धोका नसताना तो वापरणं स्वसंरक्षण नव्हे, असं न्यायालयाचं मत पडलं.

ही विक्री आजची नाही. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या त्या भयंकर घटनेनंतर, जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने बायकांना छोटे चाकू वाटले होते. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर खास बायकांसाठी म्हणून बाजारात आणलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि दिलं जायचं दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीत! मार्च २०२५ मध्ये महिला दिनाला आपल्याच राज्याचे मंत्री गुलाबराव पाटील यांनी बायकांना पर्समध्ये चाकू आणि मिरचीपूड ठेवायचा सल्ला दिला. पक्ष कुठलाही असो, कारखाना सरकारी असो की खासगी, सूर एकच. रस्ते सुरक्षित करणं अवघड आहे, तेव्हा तुमचं तुम्ही बघा. आणि बाईला विकायचं म्हणजे गुलाबी रंग द्यायचा, लिपस्टिकचा आकार द्यायचा, की ते पातं आहे हे विसरायला होतं. २०१८ मध्ये औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी पकडले, तेव्हा असा बाजार कुठवर जातो ते दिसलंच होतं.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत कधी नसते. तिथे नेहमी अंधारी गल्ली असते आणि मागून येणारा अनोळखी माणूस. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल मात्र दरवर्षी सांगतात की बलात्काराच्या दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, कामावरचा माणूस. त्याच्यासमोर पर्समधला चाकू काय करणार? तिथे लागते ती ‘आई, मला त्यांच्याकडे जायचं नाही’ असं म्हणायची मोकळीक, आणि ते ऐकून घेणारं घर. आणि अनोळखी माणसाने खरंच गाठलं, तर सराव नसलेल्या हातातला चाकू त्याच्या हातात जायला वेळ लागत नाही.

आता धर्माचं. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग सांगितला, विरोधी हिंसा, म्हणजे आलेल्या हल्ल्याचा प्रतिकार, त्याला सर्वस्वी टाळता येणार नाही हे मान्य केलं. अहिंसा म्हणजे भित्रेपणा असं आपल्या धर्माने कधीच म्हटलं नाही. पोर्तुगिजांशी लढलेली उल्लाळची राणी अब्बक्का जैनच होती. पण हल्ला झाल्यावर प्रतिकार करणं वेगळं आणि रोज सकाळी पर्समध्ये पातं घालून बाहेर पडणं वेगळं. दुसऱ्यात रोज कुणाला तरी भोसकण्याची कल्पना मनात घोळवायची असते. त्यालाच अपध्यान म्हणतात.

आणि देणाऱ्याचं काय? अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत अपध्यानाच्या जोडीला ‘हिंसादान’ आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात कुऱ्हाड, तलवार, अग्नी, शस्त्रं अशी हिंसेची साधनं दुसऱ्याला देण्याला हिंसादान म्हटलं आहे. म्हणजे मंडळातून बारा चाकू मागवून बारा मुलींना वाटणारी श्राविका स्वतः काही न करताही त्यात भागीदार होते. लिंक पुढे पाठवणं ही तर त्याची पहिली पायरी.

आपली रक्षाबंधनाची कथाही आठवा. हस्तिनापुरात बलीने सात दिवसांचं राज्य मिळवून अकंपनाचार्यांसह सातशे मुनींभोवती आग लावली, तेव्हा विष्णुकुमार मुनी धावून गेले. वामनरूप घेऊन तीन पावलं जमीन मागितली आणि उपसर्ग दूर केला. रक्षण केलं, शस्त्र न उचलता. आणि त्यासाठी मुनिपद बाजूला ठेवावं लागलं म्हणून नंतर प्रायश्चित्तही घेतलं. रक्षणासाठी धावून जायचं, पण त्यात जे करावं लागलं त्याचा अभिमान मिरवायचा नाही, ही आपली शिकवण आहे.

मग लेकीला द्यायचं काय? ११२ हा क्रमांक पाठ असू दे आणि आपल्या फोनवर आपत्कालीन बटण कसं चालतं ते घरी बसून एकदा करून पाहा. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ या मदतवाहिन्या आहेत. कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घ्यावी लागते, ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही, हे तिला आधीच माहीत असू दे. गळ्यात शिट्टी, फोन चार्ज केलेला, आणि उशीर झाला तर न रागावता घ्यायला येणारं माणूस. जमलं तर हात सोडवून घेण्याचं, ओरडून पळ काढण्याचं प्रशिक्षण. त्याला परवाना लागत नाही आणि ते कुणी हिसकावूनही घेत नाही.

बारा चाकूंचे पैसे मंडळाकडे जमणार असतील, तर त्यात एखाद्या प्रशिक्षिकेला बोलावून रविवारच्या पाठशाळेनंतर मुलींचे चार वर्ग होतील. मुलांनाही बसवा त्यात. मुलीला कसं वाचायचं ते शिकवताना, मुलाला कसं वागायचं तेही शिकवायला हवंच ना?