अंबिकाबाईंची चित्रं कधी पाहणार?

१९३१ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दोन गोष्टी घडल्या. तिथे शिकवणारे चित्रकार रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर निवृत्त झाले आणि त्यांची लेक अंबिका तिथूनच पदविका घेऊन चित्रकार झाली. पहिली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. धुरंधरांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ लिहून तो काळ जपून ठेवला. दुसरी मात्र आजही पहिलीची पुरवणी म्हणूनच सांगितली जाते.

अंबिकाबाईंचा जन्म १९१२चा, मृत्यू २००९चा. वडील १९४४ साली गेले. म्हणजे त्यांच्या माघारी बाई साठाहून अधिक वर्षं जगल्या आणि त्यांनी वडिलांची चित्रं सांभाळली. हे काम सोपं नव्हे. मुंबईच्या पावसाळ्यात जलरंगाचा कागद ओल धरतो, त्यावर बुरशीचे पिवळट ठिपके उठतात, कसर कडा कुरतडते. चित्रं पुन्हा पुन्हा काढून बघावी लागतात, हवेशीर ठेवावी लागतात. आज आपण धुरंधरांच्या रेषेचं कौतुक करतो, त्यामागे या मुलीची मेहनत आहे. पण ती मेहनत सांगताना ‘बाई स्वतः काय रंगवत होत्या?’ हे विचारायचं राहून जातं.

आता त्याच संस्थेतली दुसरी लेक पाहा. अँजेला त्रिंदाद, जन्म १९०९. वडील आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद मूळचे गोव्याचे, जे. जे.तले शिक्षक, व्यक्तिचित्रणात नावाजलेले. अँजेला तिथेच शिकली, पण वडिलांच्या वास्तववादी वाटेवर थांबली नाही. तिने मेरीला साडी नेसवली, ख्रिस्ती विषय भारतीय वळणाने रंगवले. पुढे तर त्रिकोणांतून आकृती उभी करण्याची स्वतःची शैली घडवली आणि परदेशी स्थायिक झाली. पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेच्या संग्रहात बापलेकीची चित्रं एकत्र आहेत. तरी तिची ओळख करून देताना पहिलं वाक्य वडिलांचंच असतं.

एक वडिलांच्या चित्रांपाशी राहिली, दुसरी वडिलांची वाट सोडून गेली. दोघींच्या वाट्याला बिरुद एकच आलं: ‘सुकन्या’. तेव्हा दोष मुलींच्या निवडीत नाही, आपल्या नजरेत आहे.

या घरांनी मुलींना खूप दिलं, हे मान्यच करायला हवं. ज्या काळात मुलीच्या हाती ब्रश देणं अप्रूपाचं होतं, त्या काळात या बापांनी लेकींना शिकू दिलं. पण मुलगा बापाच्या कलेत उतरला की आपण ‘परंपरा पुढे नेली’ म्हणतो आणि त्याचं काम बघायला बसतो. मुलीच्या बाबतीत मात्र परंपरा सांगून झाली की काम बघायची गरजच वाटत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. संग्रहालयांनी या स्त्रियांची स्वतंत्र प्रदर्शनं भरवावीत, वडिलांच्या प्रदर्शनातला कोपरा देऊन भागवू नये. कलेच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या चित्रांची यादी करावी: कुठलं चित्र, कोणत्या साली, कोणत्या माध्यमात, सध्या कोणाकडे. आणि आपण लिहिणाऱ्यांनी आधी चित्राबद्दल लिहावं, घराण्याबद्दल नंतर. चित्रं चांगली निघतील, काही सामान्यही निघतील. पण तो निवाडा चित्रं पाहून व्हायला हवा. एवढा हक्क प्रत्येक चित्रकाराचा असतो आणि या दोघींना तो अजून मिळालेला नाही.