माशाचा डॉक्टर आणि रोजचे सदतीस रुपये

"माशाला कुठं डॉक्टर लागतो व्हय?" असं दात काढून विचारणारे आपल्याच वस्तीत पुष्कळ आहेत. लागतो. माशाला उवा होतात. माशाच्या अंगावर लाल व्रण पडतात. हा रोग 1988 साली भारतात शिरला आणि मरळीसारखा चिवट मासाही त्यानं सडवला. 1994-95 साली पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानं आंध्र-तामिळनाडूच्या किनाऱ्यावरची कोळंबीची तळीच्या तळी आठवड्याभरात साफ केली. अशा वेळी तळ्यावर येतो कोण? बहुतेक वेळा खाद्य आणि औषध विकणाऱ्या कंपनीचा माणूस. तो बाटली टेकवतो, बिल फाडतो, निघून जातो. पाण्यात अँटिबायोटिक ओततात, ते मासा खाणाऱ्याच्या पोटात जातं. म्हणजे इथं शिकलेल्या माणसाची जागा रिकामी आहे. त्या जागेवर कोण बसणार, एवढाच माझा सवाल आहे.

आणि आपण का बसू नये? पडं कोण ओढत होतं या गावांतून? 1886 साली परळला पशुवैद्यकाचं कॉलेज निघालं, तेव्हा गावोगाव मेलेलं ढोर वेशीबाहेर नेणारे आपलेच आजे-पणजे होते. सुरी कुठं घातली की कातड्याला भोक पडत नाही, काळीज कुठं, फुप्फुस कुठं, रोगानं मेलेल्या जनावराचं काळीज कसं दिसतं, हे त्यांना पोथीशिवाय ठाऊक. तेच काम टेबलावर, पांढरा कोट घालून केलं की त्याला शवविच्छेदन म्हणतात आणि पगार मिळतो. वेशीबाहेर केलं की विटाळ. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. सोडलं. आता जित्या जनावराची नाडी धरायची पाळी आपली आहे की नाही?

महाडचंच घ्या. चवदार तळ्यावर गुरं पाणी पीत होती, आपण ओंजळ भरली तर डोकी फुटली. पाण्याशी आपलं नातं असं आहे. तळ्याच्या माशाची तब्येत बघायला उद्या आपली पोरगी काठावर उभी राहिली, तर ती 20 मार्चचाच पुढचा भाग आहे, असं मी समजतो.

रस्ते दोन. बारावीनंतर नीट देऊन पशुवैद्यक. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. नाहीतर सीईटी देऊन मत्स्यशास्त्राची पदवी, चार वर्षं. ही कॉलेजं रत्नागिरीच्या शिरगावला, नागपूरला, उदगीरला आहेत. पुढं माशाच्या रोगांवर पदव्युत्तर शिकायचं तर मुंबईत वर्सोव्याला केंद्र सरकारची मोठी संस्था आहे, 1961 पासून. रस्ता आहे. भाकरीचं काय?

29 ऑक्टोबर 1942 ला बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला निवेदन दिलं. त्यातली गोष्ट आपण भाषणात सांगत नाही, कारण तिच्यात टाळी नाही, हिशेब आहे. ते म्हणाले, बनारसला आणि अलिगढला तुम्ही लाखांनी देता, मग आमच्या पोरांना का नाही? आणि मागितलं कशासाठी? विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी, परदेशी जाण्यासाठी. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, हे त्यांना तेव्हाच दिसत होतं. त्यातून सालीना तीन लाख रुपये निघाले आणि 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. म्हणून हा पैसा कुणाच्या बापाची मेहेरबानी नाही. भांडून काढलेला आहे. जे आपलेच पुढारी स्टेजवर म्हणतात की "शिष्यवृत्तीच्या कुबड्या फेका", त्यांनी आधी आपण कोणत्या होस्टेलात जेवलो ते सांगावं.

आता आकडे बघा. 2021 च्या केंद्राच्या नियमावलीत व्यावसायिक पदवीच्या, होस्टेलात राहणाऱ्या पोराला निर्वाह भत्ता वर्षाला 13,500 रुपये. घरून येणाऱ्याला 7,000. तेरा हजार पाचशेला 365 नं भागा. सदतीस रुपये. दोन वेळचं जेवण, वही, गमबूट, प्रॅक्टिकलचा कोट, घरी जायचं एस.टी.चं तिकीट, सगळं सदतीस रुपयांत. 1913 साली बडोद्यानं बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं, तेव्हा महिन्याला साडेअकरा पौंड दिले. एका संस्थानिकाला कळत होतं की उपाशी पोरगा शिकत नाही. लोकशाहीला कळत नाही.

आणि तेही कुणाला? ज्याच्या बापाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत आहे त्याला. ही मर्यादा 2013 सालची. 2021 ला नियम नवे लिहिले, ही ओळ तशीच ठेवली. महिन्याला एकवीस हजार कमावणारा बाप त्यांच्या लेखी श्रीमंत. त्याच्या पोराला फी-माफीची वेगळी सोय आहे, पण फी-माफी ताटात वाढता येत नाही. तिकडं 2019 साली वरच्या जातींतला गरीब ठरवायला आठ लाखांची रेघ मारली. एक अट आरक्षणाची, दुसरी भत्त्याची, हे मला कळतं. वकिली करू नका. पण गरिबीची दोन मापं एकाच सरकारच्या खिशात कशी? त्यांची गरिबी आठ लाखांपर्यंत पसरते, आपली अडीचला संपते!

केंद्राच्या मंत्रिमंडळानं डिसेंबर 2020 मध्ये पाच वर्षांसाठी 59,048 कोटी मंजूर केले, साठ टक्के केंद्राचे, चाळीस राज्याचे. पेपरात फोटो आले. पण राज्यानं आपला हिस्सा टाकल्यावरच केंद्राचा पोराच्या खात्यात येतो. कॉलेजचा क्लार्क तोवर थांबत नाही. तो परीक्षेच्या फॉर्मवर सही अडवतो. पोरगा सावकाराकडं जातो, नाहीतर घरी.

होस्टेल मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे, 2016-17 पासून. मुंबई-पुणे-नागपूरला वर्षाला साठ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी त्रेचाळीस. योजना चांगली, मी नाकारत नाही. पण सुरुवातीला ती महापालिका आणि जिल्ह्याच्या गावापुरती काढली. जनावराची आणि माशाची कॉलेजं कुठं आहेत? उदगीर तालुक्याचं गाव. शिरवळ तर तालुक्याचंही नाही, तालुका खंडाळा. योजना लिहिणाऱ्यानं नकाशा उघडला नव्हता. तालुक्यापर्यंत ती पुढं आणली, तोवर कित्येक वर्षांची पोरं निघून गेली.

परदेशाची तऱ्हा आणखी न्यारी. माशांच्या रोगाचं शिक्षण घ्यायला जगभरची माणसं स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगला जातात. राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीत मात्र विद्यापीठ जगाच्या यादीत दोनशे-तीनशेच्या आत पाहिजे. स्टर्लिंग त्या आत नाही. यादी अख्ख्या विद्यापीठाची, विद्या एका खात्याची! बाबू यादी बघतो, विषय बघत नाही.

आणि 2020 च्या मत्स्यसंपदा योजनेत अनुसूचित जातींना साठ टक्के अनुदान ठेवलंय. तळं खणायला. जमीन कुठाय?

आपल्यातले काही म्हणतील, कशाला ही माशामुशांची भानगड, एमपीएससी कर, साहेब हो. व्हा की. पण एका जागेसाठी शेकड्यांनी पोरं अभ्यासिकेत वाळतायत आणि इकडं ज्याचं तंत्र कुणालाच नीट येत नाही तो दरवाजा सताड उघडा आहे. कोळी-भोई भावांशी आपलं भांडण नाही. त्यांचा मासा जगला तर तेही जगतील, आणि डॉक्टर म्हणून तिथं आपण गेलो तर जात विचारण्याआधी औषध विचारावं लागेल.

म्हणून मागायचं ते नेमकं मागा. भत्ता महागाईला बांधा, दर वर्षी वाढवा. पहिला हप्ता दिवाळीच्या आत खात्यात. उत्पन्नाची रेघ आठ लाखांवर. परदेशासाठी विद्यापीठाची नव्हे, विषयाची यादी. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडं जाताना घोषणा कमी, कागद जास्त न्या. पुढच्या अंकाआधी आपापल्या जिल्ह्यातल्या पशुवैद्यक आणि मत्स्य कॉलेजांतल्या किती पोरांचा हप्ता अडकलाय ते लिहून पाठवा: कॉलेज, वर्ष, अर्जाची तारीख, अडकलेली रक्कम. पोरांची नावं आम्ही छापणार नाही, आकडे छापू.